रिसेप्टर: ग्राहक, ग्राही की आहे तेच बरं?

अनुवादिका: मंडळी, सदाशिव पेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात ताणतणावावर व्याख्यान आहे, त्याचं मराठी टिपण माझ्याकडे आलंय. एका वाक्यावर गाडी अडली. आशय असा: कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं हार्मोन) बराच काळ चढं राहिलं की मेंदूतले सेरोटोनिनचे रिसेप्टर कमी होतात. 'ग्राहक' लिहिलं तर निम्म्या सभागृहाला टिळक रस्त्यावरची ग्राहक पेठ आठवेल. दुसरं काय वापरता? आणि संघाच्या चिटणीसांना सेरोटोनिनला 'हॅपी हार्मोन' म्हणायचंय.

पेठकर: 'ग्राही' घ्या. गुणग्राही, सारग्राही, हृदयग्राही बघा, हा शब्द मराठीत कुणाच्या तरी शेपटाला लागूनच येतो. म्हणून 'सेरोटोनिनग्राही' कानाला खटकत नाही, नुसतं 'ग्राही' मात्र उघडं वाटतं. अनेकवचन तेच, 'ग्राहींची संख्या' असं चालवता येतं. 'संवेदक' नको, ते थर्मामीटरवाल्यांना राहू द्या. पहिल्यांदा येईल तिथे एकदाच खुलासा करा: पेशीच्या पृष्ठभागावरचं, ठरावीक रसायन धरणारं प्रथिन. बाकी मेडिकलची पोरं आपसांत रिसेप्टरच म्हणतात, त्यांना कुणी ग्राही शिकवायला जाऊ नये.

निवृत्त मास्तर (शरीरक्रियाशास्त्र): नाम जमलं, आता क्रियापदाकडे बघा. 'कमी होतात' म्हणजे नक्की काय? संख्या घटते की प्रतिसाद मंदावतो? दोन्ही घडतं, पण वेगवेगळ्या जागी. सेरोटोनिनग्राहींचे डझनाहून जास्त प्रकार आहेत. त्यातला ५-एचटी-१ए घ्या (५-एचटी हे सेरोटोनिनचंच रासायनिक लघुनाव). उंदरांच्या अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या, अॅड्रिनल) ग्रंथी काढल्या की हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात हे ग्राही वाढतात, बाहेरून कॉर्टिकोस्टेरॉन दिलं की घटतात. (उंदरांचं मुख्य ताणसंप्रेरक ते, आपलं कॉर्टिसॉल.) मेंदूच्या खोडात, जिथल्या पेशी सेरोटोनिन बनवतात तिथे मात्र ग्राहींची संख्या तेवढीच राहूनही ते बोथट होतात. म्हणून 'घटतात' आणि 'बोथट होतात' हे दोन शब्द वेगळे ठेवा. 'क्षीण होतात' लिहून दोघांची खिचडी करू नका, आणि हे उंदरांवरचं आहे हेही वाक्यात येऊ द्या.

'हॅपी हार्मोन'ला माझा ठाम विरोध. १९४८ साली हे द्रव्य सीरममधून (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातून) वेगळं काढलं ते रक्तवाहिन्या आवळतं म्हणून, नावही त्यावरूनच पडलं. मेंदूत ते सापडलं १९५३ला. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि मेंदूत त्याचं काम निरोप पोचवायचं. त्यात गंमत अशी की तात्कालिक ताणात हेच सेरोटोनिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला चेतवतं, तिथून निरोप पिट्यूटरी ग्रंथीला, तिथून अधिवृक्क ग्रंथींना, आणि कॉर्टिसॉल वर जातं. म्हणजे सेरोटोनिन वाढलं की ताण उतरला, हा वर्तमानपत्री हिशोब इथे लागू नाही. नातं दुहेरी आहे: ग्राहींमार्फत सेरोटोनिन हे ताणसंप्रेरक वाढवतं आणि ताणसंप्रेरक उलटून ग्राहींवर लगाम घालतं.

पेठकर: पुरवणी. तणाव म्हटलं की दोन गटांमधला, पोलीस बंदोबस्तवाला. माणसाला येतो तो ताण. तेव्हा 'ताणसंप्रेरक', 'तणावसंप्रेरक' नको. आणि 'हॉर्मोने' हे विश्वकोशी रूप आता कुणी बोलत नाही, संप्रेरक किंवा हार्मोन, दोन्ही चालतील.

अनुवादिका: सर, मग वाक्य असं केलं: 'उंदरांवरच्या प्रयोगांत ताणसंप्रेरक दीर्घकाळ चढं राहिल्यावर मेंदूच्या काही भागांत सेरोटोनिनचे विशिष्ट ग्राही घटलेले, तर काही ठिकाणी बोथट झालेले आढळले.' मूळ टिपणातला 'पातळी' शब्द काढला, कारण पाठोपाठ सकाळी ८ला घ्यायच्या कॉर्टिसॉलच्या तपासणीचा परिच्छेद आहे. पहाटेपासून चढणारं आणि रात्री उतरणारं प्रमाण तिथे 'पातळी' म्हणूनच सांगावं लागतं, दोन्हीकडे तोच शब्द आला की गोंधळ होतो. चिटणीसांना 'हॅपी हार्मोन' शीर्षकातही मिळणार नाही, हे मी फोनवर कळवते.

निवृत्त मास्तर: ठीक. फक्त 'विशिष्ट' काढून सरळ '५-एचटी-१ए' लिहा, ज्येष्ठ नागरिक त्याने घाबरत नाहीत, औषधांची नावं त्याहून अवघड असतात.

पेठकर: आणि न्यूरॉनला चेतापेशी म्हणायचं की तंत्रिकापेशी, हे कृपया इथे काढू नका. त्यासाठी वेगळी शब्दचर्चा लागेल.