कान्हेरी, जोगेश्वरी, घारापुरी: 28 जणांची दोन दिवसांची लेणी सहल, क्रम कसा लावावा?

ग्रंथमित्र_दादर

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयातर्फे जानेवारीत मुंबईतल्या लेण्यांची सहल काढायची आहे. 28 जण, वय 30 ते 72. दादरहून बस. कच्चा बेत असा: शनिवारी कान्हेरी, महाकाली, मंडपेश्वर आणि जोगेश्वरी, रविवारी घारापुरी (एलिफंटा बेट) आणि संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सोबत एक जाणकार मार्गदर्शक असतील. हे जमेल का? आणि एवढ्या लोकांना एकाच वेळी नीट दाखवायचं कसं? लोकांनी फोटो काढून परत यावं असं नको आहे, काहीतरी डोळ्यांत राहिलं पाहिजे.

छन्नी_हातोडा

शनिवारची चार ठिकाणं जमणार नाहीत. दोन ठेवा: सकाळी कान्हेरी, दुपारनंतर जोगेश्वरी. महाकालीची लेणी चांगली आहेत. तिथल्या 9 क्रमांकाच्या लेण्यात दगडात कोरलेली गोल झोपडी आणि तिच्या आत स्तूप आहे, ते एरवी कुठे सहज बघायला मिळत नाही. पण ती वेगळ्या दिवसासाठी राखून ठेवा.

जोगेश्वरी घारापुरीच्या आधीच हवी, आणि कारण नुसतं रस्त्याच्या सोयीचं नाही. जोगेश्वरीत खांबांच्या दालनात मधोमध चौकोनी गाभारा आहे आणि त्याला चारही बाजूंनी दारं आहेत. घारापुरीत लिंगाचा गाभारा असाच आहे, चार दारं आणि दारोदार द्वारपाल. शनिवारी ही मांडणी पायांनी फिरून कळली, की रविवारी लोक नुसत्या त्रिमूर्तीकडे धावत नाहीत. दोन्ही सहाव्या शतकातली, शैव. जोगेश्वरीचा दगड ठिसूळ, त्यामुळे शिल्पं झिजून गेली आहेत. आधी घारापुरी पाहिलेल्या माणसाला जोगेश्वरीत नंतर काहीच दिसत नाही.

कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत. सगळी बघायची नाहीत. साडेतीन तास धरा आणि हा क्रम ठेवा.

आधी 1 क्रमांक. अर्धवट सोडलेलं लेणं आहे, म्हणून लोक टाळतात. उलट तिथूनच सुरुवात करा, कारण डोंगर आतून कसा रिकामा करत न्यायचे ते तिथे उघडं पडलेलं दिसतं. मग 3 क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन. इथे किमान 40 मिनिटं थांबा. काम सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सुरू झालं. दर्शनी भागावर दात्यांची जोडपी आहेत, आणि ओसरीच्या दोन्ही टोकांना जवळपास 7 मीटर उंचीचे उभे बुद्ध, ते मात्र काही शतकांनंतर कोरलेले. एकाच ओसरीत उभं राहून एवढा काळ दाखवता येतो. आत 34 खांब आहेत. लोकांना खांबांच्या माथ्याकडे बघायला सांगा: काहींवर हत्ती आणि माणसं कोरलेली, बाकीचे साधे अठपैलू. काम पुरं झालंच नाही, हे कुणी न सांगता कळतं.

तिथून 11 क्रमांक, ज्याला दरबार लेणं म्हणतात. जमिनीवर आडवे दोन लांब, बुटके दगडी ओटे आहेत. याच लेण्यात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला शके 775 चा, म्हणजे इसवी सन 853 चा लेख आहे. दम असलेल्यांनी पुढे 34 (छतावर अपुरी राहिलेली चित्रं) आणि 41 (अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व) बघावं. 90 क्रमांकात पारशी प्रवाशांनी 1009 आणि 1021 साली कोरलेले पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख आहेत; त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो, गर्दीत उरकू नका.

चालताना प्रत्येक लेण्याच्या बाजूचं पाण्याचं टाकं दाखवायला विसरू नका. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ असा शब्द आहे. डोंगरउतारावर कोरलेल्या पन्हळी पाहा, पावसाचं पाणी त्यांतून टाक्यात उतरतं. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांत लेण्याबरोबर पोढीही येते. चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरडे, अशा डोंगरावर भिक्षू वर्षभर कसे राहिले याचं उत्तर त्या टाक्यात आहे.

बोरिवलीकर

वरच्या क्रमाशी सहमत. फक्त जोगेश्वरीऐवजी मंडपेश्वरचाही विचार करा, कारण कान्हेरी ज्यात आहे त्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानापासून ते जवळ आहे. तिथल्या मातृकांसह (मातृदेवतांसह) असलेल्या नटराजाचा पट, म्हणजे भिंतीत कोरलेला देखावा, अजून बराच शाबूत आहे, दुसऱ्या भिंतीवर पोर्तुगीज काळातला क्रूस कोरलेला आहे, आणि लेण्याच्या माथ्यावर चर्चच्या पडक्या भिंती. मुंबईचा इतिहास एका जागी इतका थरावर थर क्वचित दिसतो. जोगेश्वरीच घेणार असाल तर मोठी बस दारापर्यंत जात नाही. बस मोठ्या रस्त्यावर सोडा आणि रिक्षा करा. रिक्षात तिघंच बसतात, म्हणजे 28 जणांना 10 रिक्षा. त्या जमेपर्यंत अर्धा तास जातो, तो धरून चला. तिथे देवीची पूजा चालू असते. चपला काढायच्या, आरती असेल तर बाहेर थांबायचं, गाभाऱ्यात व्याख्यान द्यायचं नाही.

कान्हेरीबद्दल:

उद्यान सोमवारी बंद असतं, तुमचे वार ठीक आहेत. मुख्य दारापासून लेणी 6-7 किलोमीटर आत. मोठी खासगी बस आत न्यायची तर उद्यानाच्या कार्यालयात आधी विचारा, नाहीतर आतल्या बसच्या फेऱ्यांवर अवलंबून राहावं लागतं आणि 28 जण एका फेरीत मावत नाहीत. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. खात्याची तिकिटं आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. 15 वर्षांखालच्यांना लागत नाही.

माकडं. हातातली पिशवी आणि शीतपेयाची बाटली जाते. खाणं बसमध्ये ठेवा, पाणी पाठीवरच्या सॅकमध्ये आत.

आत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. भेटण्याची जागा आणि वेळ बसमध्येच ठरवून सांगा.

ग्रंथमित्र_दादर

खूपच उपयोगी. शनिवार कान्हेरी-जोगेश्वरी पक्कं करतो, मंडपेश्वर पुढच्या खेपेला. घारापुरीत एकच मार्गदर्शक 28 जणांना पुरेल का? आणि गुडघेदुखीचे चार-पाच जण आहेत.

छन्नी_हातोडा

एक पुरत नाही. दोन घ्या आणि 14-14 चे गट करा. 14 च्या वर गेलं की मागच्या रांगेला ऐकू येत नाही, मार्गदर्शक आवाज चढवतो, आणि दगडी दालनात तो घुमून कुणालाच काही कळत नाही. त्यामुळे दोन्ही गट एकाच पटासमोर आणू नका. एक पूर्वेच्या दाराकडून फिरवा, दुसरा पश्चिमेकडून.

पट जोडीने दाखवा, कारण ते समोरासमोर कोरलेले आहेत. उत्तरेच्या मुख्य दाराशी एका बाजूला नटराज, दुसऱ्या बाजूला योगीश्वर: एक पूर्ण गतीत, एक पूर्ण स्थिर. पूर्वेला रावणानुग्रह (कैलास हलवणारा रावण) आणि उमामहेश्वर (शिव-पार्वती), पश्चिमेला कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न) आणि अंधकासुरवध. लग्नात पार्वतीचा हात धरणारा शिव आणि समोर दात विचकून असुराला मारणारा शिव, मधे फक्त चार पावलं.

सदाशिव, म्हणजे लोक जिला त्रिमूर्ती म्हणतात ती मूर्ती, शेवटी. त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश असं बरेचजण धरून चालतात. तिथे तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताला मिशा असलेला, हातात नाग घेतलेला अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप. उजवीकडे हातात कमळ घेतलेलं स्त्रीसारखं कोवळं मुख. मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, मुख्य दार उत्तरेला. म्हणजे तिच्यावर थेट ऊन कधी येत नाही. बाहेरच्या उजेडातून आल्यावर चेहरे सपाट दिसतात. तिथे पाच मिनिटं गप्प उभं राहायला सांगा. डोळे सरावले की आधी ओठ दिसतात, मग मुकुटाचं कोरीवकाम. टॉर्च वापरायचा तर समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. सावली पडली की खोली कळते. तोही कोरीव दगडावरच, कान्हेरीच्या 34 मधल्या चित्रांवर मुळीच नाही. ट्रायपॉडला परवानगी लागते, नेऊच नका.

रविवारी गेटवेवर गर्दी असते. पहिल्या फेरीचीच लाँच गाठा, प्रवास साधारण एक तास. चढताना आणि उतरताना धक्क्यावर माणसं मोजा. परतीचा तिकिटाचा कागद लोक हमखास हरवतात; सगळी तिकिटं एकाच्या हाती ठेवा. घारापुरीला ग्रामपंचायतीची पावती वेगळी फाडावी लागते, सुटे पैसे जवळ असू द्या. दुपारी तीनच्या आत परतलात तर वस्तुसंग्रहालयाला निवांत दोन तास मिळतात, गेटवेहून चालतच जाता येतं. तिथे परळच्या शिवमूर्तीची प्रतिकृती बघा. मूळ मूर्ती 1931 मध्ये सापडली आणि ती परळलाच बारादेवीच्या देवळात आहे.

गुडघ्यांचं: धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, पुढे सुमारे 120 पायऱ्या. त्या चढायला डोली मिळते. भाव खालीच ठरवा, आणि वर जाण्याचा की जाऊन-येऊन दोन्हींचा ते स्पष्ट बोलून घ्या. वाद नेहमी उतरताना होतो. चार-पाच जणांना एकदम डोल्या मिळतीलच असं नाही, म्हणून त्यांना पहिल्या गटात पाठवा आणि दुसऱ्या गटाने 15 मिनिटं मागून निघावं.