तिबेटी गळ्यातलं गाठवायला आलंय, डबी उघडू का?

गाठवणारी_सोलापूर: मधल्या मारुतीजवळ आमचं गाठवायचं दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं. थंडीत स्वेटर विकायला येतात त्यातल्या एक तिबेटी मावशी काल गळ्यातलं ठेवून गेल्या. चांदीची चपटी डबी, एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवल्यासारखी आठ टोकांची, वर पिरोजे. बाजूला पोवळी, सुपारीएवढी! आपल्या मंगळसूत्रातलं पोवळं त्यापुढं दिसायचंही नाही. शिवाय एक लांबट काळा-पांढरा मणी, त्यावर डोळे काढल्यासारखी वर्तुळं. दोरा पार कुजलाय. चांदी काळी पडलीय. एरवी आम्ही चिंचेनं चोळतो. डबी हलवली की आत खुळखुळतं. सासूबाई म्हणतात, देवाचं दिसतंय, हात लावू नको.

हुबळीकर: सासूबाईंचं ऐका. तो गाऊ आहे, ताईतच तो. आत मंत्राचा कागद, लामांनी दिलेलं काहीबाही असतं. कर्नाटकात मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे, तिथं लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, बायकांच्या गळ्यात असे गाऊ बघितलेत. अंगात छुपा, म्हणजे त्यांचा लांब झगा, आणि लग्न झालेलीच्या कमरेला पांगदेन, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा लोकरी एप्रन. पुरुषांचा गाऊ बहुधा मोठा, देव्हाऱ्यासारखा.

खडेवाला: चिंच अजिबात नको. पोवळं म्हणजे शेवटी चुनाच, आंबटानं त्याची झळाळी जाते. पिरोजा तेल, घाम, साबण सगळं पितो, म्हणून तर अंगावर वापरून हिरवट होतो. रिठ्यातसुद्धा भिजवू नका. मऊ फडकं किंचित ओलं करून पुसा, बास. दागिने धुवायच्या मशीनमध्ये तर नकोच.

डोळ्यांचा मणी म्हणजे झी. अकीकाच्या दगडावर क्षार आणि आच देऊन नक्षी उठवलेली असते. नऊ डोळ्यांचा सगळ्यांत मानाचा. नकली ढिगानं मिळतात, पण खरा निघाला तर किंमत तुमच्या-माझ्या आवाक्यातली नाही. मावशींसमोर मणी मोजून, फोटो काढून वहीत सही घ्या.

चादरवाला: आणि मजुरी किती सांगितली?

गाठवणारी_सोलापूर: मजुरी नेहमीचीच, हो. डबी उघडत नाही. नायलॉन नको, पिळाचं रेशीम घेते आणि दर मण्यामागं गाठ मारते. पोवळ्यांची घासाघीस होत नाही, तुटलं तरी एकच मणी पडतो. झीच्या भोकाची कड मात्र धारदार लागतेय, रेशीम कापेल. तिथं दुपदरी घालू की आत बारीक चांदीची नळी बसवू? नळीसाठी भोक मोठं करणार नाही, एवढं नक्की.

खडेवाला: दुपदरी. दोऱ्याला मेण लावा.