मदत हवी आहे: शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा माईक सुचवा

खडूफळा
घाईत लिहीत आहे, कारण परवा मागणीपत्र द्यायचं आहे. विद्यापीठाच्या मोठ्या लेक्चर हॉलमध्ये शिकवते. सध्याचा कॉलर माईक काही कामाचा नाही. मागच्या चार-पाच रांगांतल्या मुलांना माझं बोलणं कळत नाही, दर तासाला दहा वेळा "मॅडम, परत सांगा" होतं. आवाज वाढवला की शिट्टी येते. काल 'साठ' आणि 'सात' यांत गोंधळ होऊन मागच्या सगळ्यांनी उदाहरण चुकीचं सोडवलं, आणि ते मला वह्या बघितल्यावर कळलं. शिट्टी न येणारा चांगला माईक कोणता? हातातला, कॉलरचा की कानावरून येणारा? लांबलचक चर्चा नको, नेमकं सांगा.

तारजोडणी
हॉल केवढा आहे? खुर्च्या किती? स्पीकर किती आणि कुठे लावलेत? मिक्सर (माईकचा आवाज कमी-जास्त करायचा डबा) आहे की माईक थेट अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला जोडलाय? एवढं कळल्याशिवाय माईक सुचवणं म्हणजे अंधारात दगड मारणं आहे.

कानावर_माईक
डोळे झाकून हेडसेट घ्या. कॉलरचा माईक तोंडापासून वीतभर खाली असतो, तुम्ही फळ्याकडे वळलात की तो तुमचा आवाज सोडून खोलीचा आवाज उचलतो. हेडसेटचा माईक ओठांच्या कडेला दोन बोटांवर राहतो. अंतर निम्मं झालं की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे अँप तेवढा कमी ठेवता येतो आणि शिट्टी मागे हटते. मी कित्येक वर्षं तोच वापरतो आहे, घसा वाचला. हातातला घेऊ नका, एका हातात खडू आणि एका हातात माईक घेऊन शिकवणं होत नाही.

रात्रपाळी
तास रेकॉर्ड करून मुलांना का देत नाही? लॅपटॉपवर स्क्रीन रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, आवाजासाठी फोन टेबलावर. ज्याला ऐकू आलं नाही तो घरी ऐकेल.

खडूफळा
@रात्रपाळी, मला तासातच ऐकू जायला हवंय. शंका तिथल्या तिथे विचारता आली नाही तर मुलांनी यायचंच कशाला?
@तारजोडणी, २२० खुर्च्या, पायऱ्यापायऱ्यांचा हॉल. दोन स्पीकर, पडद्याच्या दोन बाजूंना भिंतीवर. छोटा मिक्सर आहे. हॉलमध्ये काही दोष नाही, सुट्टीत नुकताच नवा केलाय. प्रश्न फक्त माईकचा आहे.

तारजोडणी
मग माईकच्या आधी स्पीकरचं बघा. पुढच्या दोन स्पीकरनी २२० जणांना ऐकवायचं म्हणजे पहिल्या रांगेच्या कानठळ्या बसणार आणि शेवटची रांग उपाशी राहणार. हॉलच्या मध्यावर छताला आणखी दोन छोटे स्पीकर टांगा आणि त्यांना डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडा. आवाजाला दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. मागचे स्पीकर पुढच्यांपासून १२ मीटरवर असतील तर ३५ मिलिसेकंद आणि वर थोडे. मग मागच्या मुलाला आवाज पुढून, तुमच्याकडूनच येतोय असं वाटतं आणि शब्दही कळतात. डिले न देता टांगले तर मात्र प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल.

कानावर_माईक
सरळ प्रश्नाला केवढा खर्च सांगताय त्यांना. आधी माईक बदलून बघू द्या. एक तर हॉल विद्यापीठाचा, छताला भोकं पाडायची परवानगी मिळेपर्यंत सत्र संपेल.

तारजोडणी
आणि माईक बदलूनही ऐकू आलं नाही तर? दुसऱ्यांदा मागणीपत्र कोण मंजूर करणार आहे?

डावरी
विषय थोडा वेगळा आहे, पण हॉल नवा केलाय म्हणून विचारते. खुर्च्यांना लिहायचे पॅड कोणत्या बाजूला आहेत? मी पदवीची तिन्ही वर्षं उजवीकडच्या पॅडवर डाव्या हाताने, कमरेत वळून लिहिलं. तीन तासांच्या परीक्षेनंतर मान धरायची. रांगेच्या डाव्या टोकाच्या खुर्च्यांना तरी डावीकडे पॅड लावा हे कुणी सांगतच नाही, कारण खुर्च्या निवडणारे सगळे उजवे असतात.

शेवटचा_बाक
+१. आणि पडदा? शेवटच्या रांगेचं अंतर पडद्याच्या उंचीच्या सहापटीच्या आत असावं, तरच बारीक अक्षर वाचता येतं. आठपट झालं तर फक्त चित्र कळतं. आमच्या हॉलमध्ये नवा झगझगीत प्रोजेक्टर लावला, पडदा मात्र तोच छोटा ठेवला. उजेड वाढला, अक्षर तेवढंच राहिलं.

नाद_ऐका
खडूफळा मॅडम, "नुकताच नवा केला" हे जाता जाता लिहिलंत, पण माझ्या मते सगळं तिथेच आहे. नवा केला म्हणजे नेमकं काय केलं? हा त्रास त्याआधी होता का? आणि वर्ग गच्च भरलेला असतो तेव्हाही असंच होतं, की कमी मुलं असतात तेव्हा जास्त?

खडूफळा
रंग दिला, दिवे बदलले, खुर्च्या बदलल्या. आधी गादीच्या जुन्या खुर्च्या होत्या, फाटल्या होत्या, त्यातून भुसा आणि स्पंज बाहेर आलेला. आता साच्यातल्या प्लास्टिकच्या आहेत, पुसायला सोप्या. डावरी, पॅड सगळे उजवीकडे आहेत. खरं सांगायचं तर माझ्या लक्षातच आलं नव्हतं, वर्गात विचारते.
भरलेल्या वर्गाचं म्हणाल तर पहिल्या दिवशी सगळे आले होते तेव्हा तक्रार आली नव्हती. एरवी साठ-सत्तर मुलं असतात. पण त्याचा माईकशी काय संबंध?

नाद_ऐका
संबंध आहे, म्हणून थोडं लांब लिहितो. घाईत आहात हे माहीत आहे.

तुमच्या हॉलमध्ये आवाज कमी पडत नाहीये, तो घुमतोय. मागच्या मुलांना आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'साठ'मधला 'ठ' आणि 'सात'मधला 'त' क्षणभराचे, हलके ध्वनी आहेत. त्यांच्या आधीचा 'सा' जोरकस आहे. तो 'सा' खोलीत घुमत राहिला की त्याच्याखाली 'ठ' आणि 'त' दोन्ही गाडले जातात. अँप वाढवलात तर 'सा'ही तितकाच वाढतो. घुमणाऱ्या खोलीत स्पीकरचा आवाज फिरून माईकमध्येही जास्त शिरतो, म्हणून शिट्टीही लवकर येते.

पूर्वी तो 'सा' गाद्या पिऊन टाकत होत्या. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात हाच प्रश्न आला होता. फॉग संग्रहालयाच्या नव्या लेक्चर हॉलमध्ये व्याख्यान कळतच नव्हतं, बोललेला शब्द रिकाम्या खोलीत साडेपाच सेकंद रेंगाळायचा. वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाकडे काम सोपवलं. त्यांनी शेजारच्या सँडर्स थिएटरच्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या वाढवत मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवून थांबवली आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. पहाटेपर्यंत गाद्या परत जागेवर. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: विरण्याचा वेळ = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ एकूण शोषण. शोषण ते उघड्या खिडकीच्या क्षेत्रफळात मोजत, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही.

हॉलची लांबी, रुंदी आणि सरासरी उंची सांगा. हॉल रिकामा असताना मंचावर उभं राहून एकदाच जोरात टाळी वाजवा, शेवटच्या रांगेत कुणाला तरी फोनवर रेकॉर्ड करायला लावा.

कानावर_माईक
तेव्हा अँप नव्हते म्हणून गाद्या उचलाव्या लागल्या. माझ्याही हॉलमध्ये प्लास्टिकच्याच खुर्च्या आहेत आणि हेडसेटवर काम चाललंय.

नाद_ऐका
तुमचा हॉल केवढा?

कानावर_माईक
८० खुर्च्या. छत ठेंगणं, वर ठिपक्यांच्या पांढऱ्या पाट्या.

नाद_ऐका
त्या पाट्याच आवाज पितात. शिवाय खोली लहान. म्हणून तुमचं चाललंय.

खडूफळा
१८ मीटर लांब, १३ रुंद, उंची सरासरी साडेपाच. टाळी वाजवली. वाळूत पाणी जिरतं तसा आवाज विरेल असं वाटलं होतं, पण साधारण दोन सेकंद शेपूट राहिली आणि मागच्या भिंतीकडून वेगळा "टप्" परत आला. इतके दिवस त्या मंचावर उभी राहते आणि मी तो कधी ऐकला नव्हता, कारण मी बोलतच असते.

नाद_ऐका
घनफळ सुमारे १३०० घनमीटर. २ सेकंद म्हणजे शोषण साधारण १०५ चौरस मीटर. बोलणं नीट कळायला एवढ्या हॉलला १ सेकंदाच्या आसपास हवं, म्हणजे दुप्पट शोषण. गादीची एक खुर्ची पाव ते अर्धा चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषते. २२० ने गुणा, किती गेलं ते कळेल. माणूसही जवळपास तेवढंच शोषतो, म्हणून पहिल्या दिवशी भरल्या वर्गात तक्रार नव्हती.
तो "टप्" म्हणजे तुमचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत, ३६ मीटर. सेकंदाचा दहावा भाग. आधी ती भिंत झाका.

तारजोडणी
हे पटलं. माझे टांगलेले स्पीकर आधी लावले असते तर घुमणं तसंच राहिलं असतं. तरी भिंतीनंतर ते हवेतच, आणि स्पीकरचं तोंड भिंतीकडे नको, खाली माणसांकडे हवं.

रात्रपाळी
पडदे लावले तर?

नाद_ऐका
जाड आणि चुण्या घातलेले, भिंतीपासून थोडे सोडून लावले तर उपयोग होतो. पातळ ताणून लावले तर जेमतेम.

खडूफळा
आज करून बघितलं. क्रीडा विभागातून स्पंजच्या २० गाद्या दोन तासांसाठी मागून आणल्या, मुलांनीच उचलून मागच्या भिंतीला उभ्या केल्या. आधी काहीच फरक पडेना. मग लक्षात आलं, रेक्झिनचं आवरण आहे. क्रीडा विभागाला फोन करून विचारलं, चेन उघडून आवरणं काढली, स्पंज उघडा ठेवला आणि परत टाळी वाजवली. "टप्" गेला. मग शेवटच्या रांगेत मुलांना बसवून तीस शब्द वाचले: साठ, सात, आठ, हात, पाट, पाठ. तोच जुना कॉलर माईक, अँपची खूण तीच. गाद्यांशिवाय त्यांनी तिसात सतरा बरोबर लिहिले होते, गाद्यांनंतर सव्वीस.

मागणीपत्रातून माईक काढला. मागच्या भिंतीला कापडात मढवलेलं शोषक आवरण आणि पुढच्या टप्प्यात डिले दिलेले दोन स्पीकर असं लिहिलं. टाळीचं रेकॉर्डिंग आणि शब्दांचे दोन्ही कागद सोबत जोडले.

डावरी, वर्गात सहा जण डावखुरे निघाले. त्यातली एक मुलगी शेजारच्या खुर्चीचा पॅड उघडून त्यावर लिहिते, म्हणून नेहमी रिकाम्या मागच्या रांगेत बसते. तिला ऐकूही येत नव्हतं. रांगेच्या टोकाला डावे पॅड ही ओळही मागणीपत्रात घातली आहे. या खुर्च्यांचा पॅड नंतर डावीकडे बसवता येतो का, की खुर्चीच बदलावी लागते? कुणी केलं असेल तर सांगा, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.

डावरी
खुर्चीखाली वाकून बघा. पॅडचा दांडा नटबोल्टने जोडलेला असेल आणि डाव्या बाजूलाही तशीच भोकं असतील तर बदलता येतो, फक्त डाव्या हाताचा पॅड वेगळा मागवायचा. दांडा वेल्डिंग केलेला असेल तर खुर्चीच बदलावी लागेल. फोटो टाका, मी आज जागीच आहे.