एकही लेक्चर बुडवायचं नाही: हा हट्ट धरावा का?

पहिला_बाक

कॉलेजं सुरू होतायत म्हणून विषय काढतोय. माझं मत स्पष्ट आहे. सेमिस्टरच्या पहिल्या दिवसापासून एकही लेक्चर बुडवायचं नाही असंच ठरवावं. "७५ टक्के हजेरी भरली की झालं" असं ठरवणाऱ्यांचे ७५ बहुतेक वेळा भरतच नाहीत.

हिशोब बघा. चार क्रेडिटच्या थिअरी विषयाला ६० तास असतात. ७५ टक्के म्हणजे ४५, उरले १५. हे १५ तास म्हणजे आपल्या हक्काची रजा, असं समजून जुलैतच उडवले जातात. पण त्यांच्यावर तुमच्याआधी पावसाचा हक्क असतो. कुर्ला-सायनला रुळांवर पाणी आणि कॉलेज मात्र चालू, मग व्हायरल तापाचा आठवडा, मग गणपतीला गावी गेल्यावर परतीचं तिकीट न मिळणं. शिवाय टक्केवारी काढतात ती प्रत्यक्ष झालेल्या लेक्चरांवर. ६० ऐवजी ४४च झाली तर तुमची सूट ११ वर येते, आणि ते कळतं शेवटच्या महिन्यात.

खाली घसरल्यावर वर यायला किती लागतं याचं सूत्र सोपं आहे: झालेली लेक्चरं गुणिले तीन, वजा तुम्ही बसलेली गुणिले चार. ४० झाली, २६ला बसलात, तर १२० वजा १०४, म्हणजे पुढची १६ लेक्चरं सलग. आठवड्याला चार धरली तर महिनाभर एकदाही आजारी पडायचं नाही.

आणि टक्के सोडा, विषय कळण्याचं काय? कॉमर्सचं प्रोसेस कॉस्टिंग घ्या, म्हणजे माल एकेका टप्प्यातून (प्रोसेसमधून) जाताना त्या टप्प्याचा खर्च काढणं. १,००० युनिट घातले, एकूण खर्च १८,४०० रुपये, नॉर्मल लॉस (गृहीत धरलेली नेहमीची घट) १० टक्के, त्या १०० युनिटच्या भंगाराचे ४०० रुपये. प्रत्यक्षात निघाले ८५० युनिट. दर काढताना १८,४०० मधून ४०० वजा करून ९०० ने भागायचं, दर येतो २० रुपये. कमी पडलेले ५० युनिट २० च्या दराने अॅबनॉर्मल लॉसला (गृहीत घटीपेक्षा जास्त झालेल्या नुकसानाला) टाकायचे. ज्याचं ते एक लेक्चर बुडालं तो सरळ ८५० ने भागतो. त्याचं पहिलं प्रोसेस अकाउंट चुकतं, तोच आकडा दुसऱ्या प्रोसेसमध्ये जातो आणि सगळं गणित कोसळतं. पुढची तीन लेक्चरं तो वर्गात असतो, पण नुसतं फळ्यावरचं उतरवत असतो.

विरार_स्लो

तुमचं गणित बरोबर आहे, फक्त त्यात प्रवास नाही. कॉलेज चर्चगेटला आणि घर विरारला असेल तर ६० किलोमीटर. फास्ट लोकलने सव्वा तासाच्या वर, शिवाय घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कॉलेज. दारापासून दारापर्यंत दोन तास धरा, जाऊन-येऊन चार. साडेसातचं लेक्चर गाठायला साडेपाचला घर सोडायचं, म्हणजे साडेचारला उठायचं. आता शनिवारी टाइमटेबलवर एकच लेक्चर आहे, ५० मिनिटांचं. त्यासाठी चार तास उभ्याने जायचं? माटुंग्यात राहणाऱ्याने ते बुडवलं तर आळस म्हणा, विरारकराने बुडवलं तर तो विचार असतो.

मी हिशोब लेक्चरचा नाही, दिवसाचा करायला सांगेन. त्या दिवसाचे प्रवासाचे तास एका बाजूला, शिकवण्याचे तास दुसऱ्या बाजूला. चार तासांच्या प्रवासात पाच तास शिकवलं जात असेल तर जावंच. दोनच तास असतील तर तो दिवस घरी पुस्तक घेऊन बसण्याचा. आणि "ट्रेनमध्ये वाचा" हे कृपया कोणी सांगू नका. सकाळच्या विरार फास्टमध्ये छातीशी धरलेली बॅग उघडता येत नाही.

झोपेचं तर कोणी बोलतच नाही. साडेचारला उठलेला मुलगा दुपारी दीडच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवून बसतो. हजेरी लागते, डोक्यात काही जात नाही.

खडू_डस्टर

शिकवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. पहिला_बाक यांच्याशी मी सहमत आहे, पण हजर राहणं आणि हजेरी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोज येणाऱ्यांचीही नावं डिफॉल्टर लिस्टमध्ये (हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत) येतात, त्याची कारणं साधी असतात. सिस्टीममध्ये विद्यार्थी जुन्याच बॅचमध्ये राहतो. इलेक्टिव्ह (निवडीचा विषय) बदलल्यावर रोल नंबर बदलतो आणि पहिल्या दोन आठवड्यांची हजेरी जुन्या नंबरवर अडकते. क्यूआर स्कॅन होतो, पण नेटवर्क नसल्याने नोंद पोचत नाही. म्हणून दर शुक्रवारी पोर्टलवर आपली हजेरी विषयवार बघायची आणि चूक दिसली तर त्याच आठवड्यात त्या विषयाच्या शिक्षकांकडे जायचं. आठवड्याच्या आत मस्टर उघडून खात्री करता येते. अडीच महिन्यांनी "मी होतो हो मॅडम" याला आधार उरत नाही.

मेडिकलचंही तसंच. सर्टिफिकेट आजारातून परतल्याच्या दिवशीच ऑफिसला द्या, झेरॉक्सवर आवक शिक्का घ्या. नाकारलं जातं ते बहुतेक तीन कारणांनी: डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर नाही, तारखा आणि गैरहजेरी जुळत नाहीत, किंवा यादी लागल्यावर आणून दिलंय. एनएसएस, एनसीसी, खेळ, युवा महोत्सव यांसाठी गेलेल्या दिवसांची सवलतही आपोआप मिळत नाही. त्या त्या प्रमुखांच्या सहीचं, तारखा आणि लेक्चरांच्या वेळा असलेलं पत्र लागतं. ते कार्यक्रमाच्या आठवड्यातच घ्या, नंतर सही मिळवायला फेऱ्या होतात.

विरार_स्लो, इंजिनिअरिंगला असाल तर २५ मार्कांच्या टर्म वर्कमध्ये (सेमिस्टरभरच्या कामाच्या मार्कांत) बऱ्याच ठिकाणी ५ मार्क हजेरीचे असतात, तेही तुमच्या दिवसाच्या हिशोबात धरा.

तिसरा_मजला

माझा विरोध वेगळ्या मुद्द्यावर आहे. हजेरी आणि मार्क यांचा संबंध आहे, हे मान्य. २०१० साली अमेरिकेत यावर आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला होता. त्यात कॉलेजमधली हजेरी आणि निकाल यांचं नातं चांगलंच घट्ट दिसलं. पण त्याच आढाव्यात असंही दिसलं की हजेरी सक्तीची केल्याने मार्कांमध्ये पडणारा फरक छोटा असतो. म्हणजे ज्याला शिकायचंय तो येतो आणि त्याला मार्क पडतात. ओढून आणलेल्याचं तसं होत नाही.

१०० टक्क्यांचा हट्ट ही स्वतःवरच लादलेली सक्ती आहे. तिचा परिणाम कुठल्याही वर्गात मागच्या तीन बाकांवर दिसतो. लेक्चर इकॉनॉमिक्सचं आणि मांडीवर दुसऱ्याच विषयाचं असाइनमेंट. ज्या लेक्चरात छापील नोट्सचं डिक्टेशन चालतं तिथे बसण्यापेक्षा लायब्ररीत त्याच धड्यावरचे मागच्या पाच वर्षांचे प्रश्न सोडवले तर ५० मिनिटं सत्कारणी लागतात. सीएची आर्टिकलशिप (सीएच्या ऑफिसातली उमेदवारी) करणारे, संध्याकाळी नोकरी करणारे यांना तर निवड करावीच लागते. आधी दोन आठवडे सगळी लेक्चरं बसा, कोणतं लेक्चर काय देतं ते वहीत लिहा, मग ठरवा. डोळे झाकून सगळ्यांना बसणं याला मी शिस्त म्हणणार नाही.

जर्नलवाली

वरची सगळी चर्चा थिअरीची चाललीय. प्रॅक्टिकलला यातला एकही युक्तिवाद लागू होत नाही. प्रॅक्टिकल बुडवायचंच नाही. लेक्चर नंतर वाचून भरून काढता येतं. प्रॅक्टिकलला लागणारी द्रावणं, मांडणी, लॅब असिस्टंटचा वेळ हे त्या दिवसापुरतंच असतं. रिपीट मिळते ती टर्मच्या शेवटी, राहिलेल्या सगळ्यांना एकदम, आणि तेव्हा एकेका ब्युरेटपाशी (द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या खुणांच्या नळीपाशी) तिघं उभे असतात.

आयोडिनचं टायट्रेशन घ्या. ब्युरेटमध्ये थायोसल्फेट, खाली आयोडिन. तपकिरी रंग फिका होत होत गवती पिवळा झाला की मगच स्टार्च घालायचा, मग निळा रंग जाईपर्यंत थेंब थेंब. स्टार्च सुरुवातीलाच घातला तर तो आयोडिन धरून ठेवतो, निळा रंग लवकर सुटत नाही आणि रीडिंग पुढे जातं. पुस्तकात हे एका ओळीत असतं. पण गवती पिवळा म्हणजे नेमका किती पिवळा, हे फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. मैत्रिणीची रीडिंग उतरवली तर जर्नल सर्टिफाय होईलही, पण व्हायवाला (तोंडी परीक्षेला) "स्टार्च शेवटी का?" विचारलं की गप्प. शिवाय बॅचमधल्या दोघींची तिन्ही रीडिंग ०.१ मिलिलिटरपर्यंत सारखी आली की तपासणाऱ्याला लगेच समजतं.

पहिला_बाक

जर्नलवालींशी पूर्ण सहमत.

तिसरा_मजला, कोणतं लेक्चर काय देतं हे दोन आठवड्यांत कळत नाही. पहिला धडा डिक्टेशनचा असतो आणि तेच सर तिसऱ्या धड्याला फळ्यावर असं गणित सोडवतात की कुठल्या गाइडमध्ये सापडणार नाही. तोवर तुम्ही त्यांना वहीत "बसण्यासारखं नाही" या रकान्यात टाकलेलं असतं. आणि रोज सकाळी "आज जाऊ का?" हा प्रश्न उघडा ठेवला की पावसाळ्यात त्याचं उत्तर बहुतेक वेळा "नको" येतं. सगळ्यांना बसायचं म्हटलं की तो प्रश्नच मिटतो, माझा हट्ट त्यासाठी आहे.

तरी लेक्चर बुडणारच. पावसाची तयारी आधी करता येते. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते, त्या साधारण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास असतात. भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला तर पाणी समुद्रात जाऊच शकत नाही आणि सखल भाग तुंबतात. त्या तारखा टाइमटेबलवर लिहून ठेवा. त्या दिवशी प्रॅक्टिकल असेल तर लवकरची गाडी पकडा, किंवा आदल्या दिवशीच दुसऱ्या बॅचबरोबर बसायची परवानगी मागा.

बुडलेलं लेक्चर त्याच संध्याकाळी भरून काढायचं. फळ्याचे फोटो मागवून फोनमध्ये साठवणं म्हणजे भरून काढणं नाही. वर्गात कोणतं गणित झालं ते विचारा, उत्तर झाकून स्वतः सोडवा, जिथे अडेल त्या पायरीवर खूण करा आणि पुढच्या लेक्चरआधी स्टाफरूममध्ये फक्त ती पायरी विचारा. "कालचं सगळं समजावा" म्हटलं तर कुणाकडेच तेवढा वेळ नसतो, एका पायरीला दोन मिनिटं पुरतात.

विरार_स्लो

भरतीच्या तारखांचा मुद्दा चांगला आहे, तो घेतो. पण शनिवारच्या एकट्या लेक्चरबद्दल माझं मत बदललेलं नाही. विद्यार्थ्याने हट्ट करण्याआधी कॉलेजने टाइमटेबल नीट लावावं. आठवड्यात मध्येच दोन-दोन तासांचा गॅप आणि शनिवारी एक लेक्चर, हे बदलता येण्यासारखं आहे. निम्मा वर्ग वसई, पनवेल, बदलापूरहून येत असेल तर एका लेक्चरपायी किती मुलांचा किती वेळ ट्रेनमध्ये जातो, याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा.

खडू_डस्टर

मांडा ना, आणि लवकर मांडा. सुरुवातीचे दोनेक आठवडे टाइमटेबल कच्चं असतं, तेव्हाच बदल होतात. सीआरने (वर्गप्रतिनिधीने) नुसतं "शनिवार नको" असा अर्ज दिला तर तो पडून राहतो. कारण अडचण शिक्षकांपेक्षा खोलीची असते. ऑफिसमधून रूम चार्ट बघायला मागा. तुमच्या गॅपच्या वेळी कोणती खोली रिकामी आहे ते शोधा. मग त्या विषयाच्या शिक्षकांचं त्या तासाला दुसऱ्या डिव्हिजनला लेक्चर नाही ना, आणि तुमच्याच वर्गातल्या एखाद्या बॅचचं प्रॅक्टिकल नाही ना, हे तपासा. अर्जात खोली क्रमांक, वार आणि तास लिहा, शिक्षकांची संमतीची सही घ्या, आणि वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या जोडा. माटुंग्यात राहणाऱ्यांच्याही.