नळी मोठी केली आणि प्लाझ्मा बिघडला

चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून लो-कार्बन मिथेन करून बघतोय, प्लाझ्मानं, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन वायूत पेटवलेल्या विजेच्या चमकेनं. क्वार्ट्‌झची नळी, मध्ये स्टीलची सळई, दोघांत 3 मिमी फट, तिच्यात अ‍ॅल्युमिनावर बसवलेलं निकेल (उत्प्रेरक). छान चाललं. मग फट 8 मिमी केली, तर प्लाझ्मा एकाच कडेला पेटतो. परवा काच तडकली. एप्रिलात शेड आधीच भट्टी, ते वेगळंच. काय चुकलं?

उत्तर १: फटीतच घोळ आहे. ती वाढली की व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि डिस्चार्ज, म्हणजे वायूतून जाणारी वीज, दोन-चार जागी गोळा होतो. नळी मोठी नको, नळ्या वाढवा. अशाच डिस्चार्जनं ओझोन करणारी सीमेन्सची नळी 1857 ची. आजही मोठ्या ओझोन यंत्रांत शेकडो बारीक नळ्या असतात, भोवती थंड पाणी, आणि बऱ्याच ठिकाणी प्रत्येक नळीला वेगळा फ्यूज. चादरीचं उत्पादन वाढवायला आपण माग रुंद करतो का राव? मागच वाढवतो.

उत्तर २: पाणी विसरू नका. ही अभिक्रियाच मोलमागे 165 किलोज्यूल उष्णता सोडते. आणि वीज कुठली? नॉर्वेत 1905 ला विजेच्या ठिणगीतून नायट्रिक आम्ल करायचे, तेही स्वस्त जलविद्युत होती म्हणून. हेबर-बॉश (नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करायची पद्धत) आल्यावर ते मागे पडलं. कोळशाच्या विजेवर लो-कार्बन कसलं!

मूळ प्रश्नकर्ता: वीज छतावरच्या सोलरची, दुपारपुरती. सहा नळ्यांची चौकट करतोय. पण सगळ्यांत गॅस सारखा कसा वाटायचा?

उत्तर १: प्रत्येक नळीच्या तोंडाशी एकसारखं बारीक छिद्र ठेवा. दाब तिथंच पडू दे.