मिठाबरोबर प्लेटचं प्लास्टिकही बघा

इथं कुणीतरी म्हटलंय की जंतू मारणाऱ्या पेप्टाइडचा (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचा) एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारा कमीत कमी डोस, दरवेळी वेगळा येतो तो ब्रॉथमधल्या, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवातल्या, मीठ-कॅल्शियममुळे. ते खरंच, पण चाचणीची प्लेट (छोट्या खळग्यांची, म्हणजे वेलची) कसली वापरली हे कुणीच विचारलं नाही की! धनभारित पेप्टाइड साध्या पॉलिस्टायरीनला चिकटून बसतं, टाकलेलं सगळं जंतूपर्यंत पोचतच नाही, कमी डोसला तर जास्तच फटका. बेळगावात एमएस्सीच्या प्रोजेक्टला माझा महिना असाच गेला, खानापूरहून सकाळच्या रेल्वेनं यायचं, प्लेट उजेडात धरायची तर सगळ्या वेल गढूळ, म्हणजे जंतू वाढलेलेच, रडायलाच यायचं. मग पॉलिप्रॉपिलीनची प्लेट घेतली नि पेप्टाइडचं डायल्यूशन (पातळ करणं) ०.०१ टक्के अॅसिटिक अॅसिड आणि ०.२ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालून केलं तेव्हा कुठं पहिल्या तीन-चार वेल स्वच्छ दिसल्या. ट्यूबही पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या, काचेलासुद्धा चिकटतं ते.