सायकल दाराशी, बिअर हाताशी: यात बिघडलं कुठे?

चेनवंगण:
सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, वाटेत एखाद्या पबमध्ये टेकायचं, एक बिअर घ्यायची, गप्पा हाणायच्या आणि पुढे निघायचं, हा माझा लाडका बेत. यावरून परवा आमच्या सायकल ग्रुपवर चांगलीच जुंपली. एकाने सुनावलं, "व्यायामाला जाता की प्यायला, ते एकदा ठरवा." का म्हणून ठरवायचं? फिरायला जाणं ही काय शिक्षा आहे? ज्यांना ठोके, वॅट आणि सरासरी वेग मोजायचाय त्यांनी खुशाल मोजावा. मला सायकल भिंतीला लावून, हेल्मेट खुर्चीच्या पाठीला अडकवून, अंगावरचा घाम सुकेपर्यंत निवांत बसायचं असतं. ग्लोव्हज काढल्यावर तळहातावर वळ उठलेले असतात, त्यावर गार ग्लास टेकवायचा. बस्स, एवढंच सुख!

आणि ही काही आजची थेरं नाहीत. ब्रिटनमध्ये १८७८ साली सायकल टूरिंगवाल्यांचा क्लब निघाला. वाटेतल्या चांगल्या हॉटेलांवर आणि सरायांवर त्याची पंखवाल्या चाकाची पाटी लागायची. जर्मनीत बिअरमध्ये लिंबाचं गोड पेय मिसळून जे राडलर करतात, ते तर सायकलवाल्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

उतारावरचा ब्रेक:
इतिहास छान. आता हिशोब. तुमची "एक बिअर" म्हणजे अर्धा लिटर, ५ टक्क्यांची धरू. त्यात जवळपास २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि ते निस्तरायला यकृताला दोन-तीन तास लागतात. तुम्ही उठता अर्ध्या तासात. मग चौकात वळताना एक हात बाहेर, मान मागे, हँडल दुसऱ्या हातात. गाडीवाला निदान चार चाकांवर असतो हो!

कायदाही सगळीकडे मवाळ नाही. नेदरलँड्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची ०.५ प्रति हजार ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे. जर्मनीत सायकलसाठी १.६ पर्यंत सूट दिसते, पण हेलकावे खात चालवलीत किंवा अपघात केलात तर ०.३ पासूनच अंगाशी येतं. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून पिऊन सायकल चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंग ठेवलाय. समोरचा सायकलवर जाणार हे माहीत असूनही त्याला जो पाजतो, तोही सुटत नाही.

चेनवंगण:
नियम मान्य. जिथे फिरायचं तिथला कायदा पाळायचा, यात वाद नाही. पण दीड टन लोखंड घेऊन निघालेला आणि दहा-बारा किलोची सायकल घेऊन निघालेला यांना एकाच मापात मोजू नका. माझा तोल गेला तर गुडघे माझे फुटतात.

उतारावरचा ब्रेक:
आणि तुम्हाला चुकवायला जो स्टीअरिंग फिरवतो त्याचं काय?

फ्रीव्हील:
पंखवाल्या चाकाची गोष्ट काढलीत, तर पुढचीही सांगा की. १८९८ साली बायकांच्या सुटसुटीत पोशाखासाठी झटणाऱ्या लेडी हार्बर्टन इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या ऑकहॅमच्या होबॉय (Hautboy) हॉटेलात सायकलवरून गेल्या. अंगात स्कर्टऐवजी सायकलसाठीची घोळदार विजार. मालकिणीने त्यांना कॉफी रूममध्ये घेतलं नाही, बारकडच्या खोलीत बसा म्हणाली. त्यांच्या वतीने तुमच्याच त्या क्लबने खटला भरला आणि १८९९ मध्ये तो हरला.

आज विजारीवरून कोणी अडवत नाही. आज प्रश्न येतो, "तू काहीच घेत नाहीस?" साधा सोडा मागवला की सगळं टेबल माझ्या तब्येतीची चौकशी करतं. मला पबचं वावडं नाही, बसायला मस्त जागा असते. पण ग्रुपचा प्रत्येक थांबा पबच असेल, तर न पिणारे हळूहळू यायचे बंद होतात. आणि मग तुम्हीच म्हणता, "हल्ली लोक येत नाहीत बुवा."

चेनवंगण:
हे मात्र पटलं. चौकशी करणाऱ्यांत मीही असतो.

वजनकाटा:
माझा राग बिअरवर नाही, सायकल मारून आल्यावर "आजची बिअर कमावली" म्हणतात ना, त्या शब्दांवर आहे. अर्धा लिटर बिअरच्या दोनशेच्या वर कॅलरी तासभराच्या सायकलीत सहज जळतात, हे खरं. पण अल्कोहोल कॅलरींच्या वहीत वजा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की निर्धोक असं त्याचं कुठलंच प्रमाण नाही. घाम गाळून आल्यावर आधी पाणी प्या. बिअरने लघवी वाढते, तहान तिथेच राहते. चवच हवी असेल तर बिनअल्कोहोलची बिअर मिळते की.

चेनवंगण:
बिनअल्कोहोलची घेऊन बघितली, वाईट नाही. पण निर्धोक तेवढंच करायचं ठरवलं तर सायकलही विकावी लागेल!

उतारावरचा ब्रेक:
शब्दांचे खेळ नकोत. साधा उपाय सांगतो: पब शेवटी ठेवा. सायकल घरी लावा आणि चालत जा. मग दोन घ्या, कोण अडवतंय?

चेनवंगण:
तिथेच तर गोम आहे. शेवटी ठेवला की कोणी दोनवर थांबत नाही. मध्ये ठेवला की पुढचा चढ डोळ्यांसमोर असतो, म्हणून दुसरा ग्लास कोणी मागवत नाही. माझ्यासाठी तो चढच पहारेकरी आहे.

फ्रीव्हील:
आणि ज्या दिवशी परतीची वाट नुसती उताराची असेल?

चेनवंगण:
त्या दिवशी सोडा. तुमच्याच टेबलावर बसतो, फक्त तब्येत विचारू नका.